ड्रोन नव्वद मीटरवर होता

पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी मी ड्रोन उडवत होतो. मोहफुलं वेचून परतणारी एक अक्का कमरेवरची टोपली न उतरवता शेजारी थांबली.

"भाऊ, कितलं उंच शे हाई?"

"नव्वद मीटर. एकशेवीसपर्यंत परवानगी आहे." मी पडद्यावरचा आकडा दाखवला.

तिने तो पाहिलाच नाही. ड्रोन डोंगराकडे सरकत होता आणि तिची नजर त्याच्या खालच्या उतारावरून चालली होती.

"यंत्र तठेच शे, पन जमीन वर चढी ऱ्हायनी."

मी मान वर केली. ड्रोन सागाच्या शेंड्यांना लागायच्या बेतात होता. आकडा मात्र नव्वदच, कारण ड्रोन उंची माझ्या पायांपासून मोजत होता. मी तो घाईने मागे घेतला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी रोज चढस ना तठे," ती म्हणाली आणि टोपली सावरून निघाली.