आबांच्या बैलाचं काजळ

तळेगावात आमच्या घराखालच्या पार्किंगमध्ये मी जाळीच्या फ्रेममधून रंग ओढून टी-शर्ट छापते. माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ, सगळ्यांचे आबा, आंदर मावळातून आपल्या पांढऱ्या खिल्लार बैलाचा फोटो घेऊन आले. बैल थकला होता. गावच्या जत्रेत यंदा शेवटचा पळणार, म्हणून पोरांच्या काळ्या टी-शर्टांवर आबांना तोच हवा होता. अट एकच. "डोळ्याखालचं काजळ दिसलं पायजे. त्याबिगर त्यो कुनाचाबी बैल."

काजळाची रेघ दोऱ्याएवढी, म्हणजे पांढऱ्या रंगात तेवढाच काळा कपडा कोरा सोडायचा. बारीक कामाला बारीक जाळी, म्हणून मी सगळ्यात बारीक जाळीची फ्रेम काढली. रेघ झकास आली, पण त्या जाळीतून पांढरा रंग उतरेचना. खिल्लार कसला, राखेत लोळलेलं रेडकू! भाकरीच्या पिठाला मैद्याची चाळण लावलीस होय, असं सासूबाईंनी विचारलं. खरं बोलल्या म्हणून जास्तच राग आला.

मग जाड जाळी घेतली. बैल पांढराशुभ्र झाला आणि काजळ गायब. चित्र जाळीवरच्या इमल्शनच्या, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या लेपाच्या, थरात उमटतं. तो थर पातळ पडला होता, त्यामुळे रंग कडेखालून पसरून रेघ बुजवत होता. चिडून मी असा दणदणीत थर चढवला की उजेड आतवर पोचलाच नाही, आणि धुताना रेघ वाहून गेली. मी फ्रेमला चार शिव्या दिल्या, चहा घेतला आणि पुन्हा बसले.

जाळी जाडच ठेवली. पातळ थर दिला, नीट वाळवला, वर दुसरा दिला. रंग ओढून फ्रेम उचलली तर बैल माझ्याकडे बघतोय, काजळासकट! मी एकटीच नाचले.

आबा आले ते थेट टी-शर्टवर वाकले. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक धरलं आणि मी "आबा, ओलं आहे" म्हणेपर्यंत बैलाच्या डोळ्याखाली फिरवलं. गोठ्यात रोज सकाळी त्याचा डोळा पुसतात तसंच. काजळावर पांढरा फराटा उठला.

सासूबाई हसून हसून खालीच बसल्या. आबा ओशाळले. दुसरा छापून देते, म्हटलं मी.

"पोरांस्नी नवं दे," आबा म्हणाले. "ह्यो माजा."