रिकाम्या गावातले दिवे

आमचं गाव पाण्याखाली गेलं, त्याच्या आधीचं वर्षभर आम्ही तिथं होतो आणि नव्हतोही. कसं ते सांगते.

महाराष्ट्र नवीनच झाला होता. मोताळ्याकडच्या आमच्या नदीवर धरणाची भिंत उठत होती. दोन्ही काठांकडून भिंत पुढं आली होती, मधे नदीपुरतं तोंड तेवढं उघडं. ते येत्या उन्हाळ्यात बुजवायचं आणि पावसाळ्यात पाणी अडवायचं, असं ठरलेलं. गाव सोडायला आम्ही तयार झालो होतो हो, रडूनभेकून का होईना. पण ज्या बरडावर नवं गाव बसणार, तिथल्या विहिरीला पाणीच लागत नव्हतं. खणावं तितका मुरूम. आमचं मागणं एवढंच होतं की विहिरीला पाणी लागेपर्यंत नदीचं तोंड बुजवू नका. पाण्यावाचून लेकरंबाळं घेऊन त्या बरडावर काय करावं?

ज्यांना नातेवाइकांचा आसरा होता ती अर्धी घरं उठून गेली. जाताना दारं, खिडक्या, माळवदाची लाकडं काढून नेली. आणि मग गावात एकेक गोष्ट थांबू लागली. आधी एस.टी. आमच्या फाट्यावर थांबेना. कंडक्टर म्हणाला, "तिथलं तिकीटच नाही आता, बाई." मग मास्तरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पोस्टमन येईनासा झाला. रोहिणखेडच्या बाजारात मी वांगी घेऊन बसले होते, तर एका बाईनं गाव विचारलं आणि ऐकून टोपलीपासून मागं सरली.

"तिथं कोनी राह्यते काय व अजून? रिकाम्या गावात दिवे दिसते म्हनतात."

"ते दिवे आमचेच आहेत," मी म्हटलं.

तिनं वांगी घेतली नाहीत.

घरी सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या हसल्या. "बरं हाय. भुताच्या वांग्याले कोनी भाव पाडून तं मांगत नाही!" पण त्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी चिमणी दारात ठेवली नाही, आत चुलीपाशी ठेवली. ते मी पाहिलं.

मी शाळेत गेले नव्हते. वाण्याच्या पुडीच्या कागदावरून अक्षरं लावत लावत शिकले. म्हणून गावाचा विनंतीअर्ज माझ्याच हातचा. तो घेऊन आम्ही आमदारांकडे गेलो. ते म्हणाले, "हा प्रश्न मी सभागृहात टाकतो. नागपूरला अधिवेशन आहे. सरकार काय उत्तर देतं ते ऐकायचं असेल तर या, गॅलरीचा पास मिळतो." सरकारचं उत्तर आपल्याला आपल्या कानांनी ऐकता येतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं बघा. पुरुष माणसं सगळी विहिरीवर खणत होती. मी आणि आत्याबाई मलकापूरहून गाडीत बसलो.

गॅलरीच्या दारावर शिपायानं पिशव्या ठेवून घेतल्या आणि नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, उभं राहायचं नाही.

"श्वास घेतला तं चालते ना, भाऊ?" आत्याबाईंनी विचारलं. तो काही हसला नाही.

खाली कितीतरी माणसं बसलेली. कोणी बोलत होतं, कोणी कागद चाळत होतं. वर मान करून आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. आमच्या प्रश्नाची पाळी आली. मंत्री उठले आणि त्यांनी कागद वाचला. "सदर गाव पूर्णपणे रिकामे झाले आहे. तेथे एकही कुटुंब राहत नाही. सबब विहिरीचा प्रश्न उद्भवत नाही."

इतक्या शांतपणे वाचलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. घरी चुलीवर कोणी भाकरी थापत असेल की नाही, अशी शंका आली.

आमदार उठले. "अध्यक्ष महाराज, तिथं माणसं राहतात."

"आमच्याकडे आलेल्या माहितीप्रमाणे राहत नाहीत."

आमदारांनी एकदा वर आमच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी मनात म्हटलं, अहो बोट करा ना आमच्याकडे, ह्या काय बसल्यात म्हणा! मग नंतर कळलं, गॅलरीत बसलेल्यांचा सभागृहात उल्लेख करायचा नाही, असा रिवाज आहे. आम्हाला बोलता येत नव्हतं, त्यांना दाखवता येत नव्हतं. आम्ही सगळं पाहत होतो, ऐकत होतो, आणि आम्ही नव्हतो. भुताला असंच वाटत असेल. मी आत्याबाईंचा हात धरायला गेले तर हाताला काही लागेना. त्या उभ्या राहिल्या होत्या.

नुसत्या उभ्या. तोंडातून शब्द नाही. शिपाई खुणा करत होता, बसा, बसा. खालचा एक जण वर पाहू लागला, मग दुसरा, मग मंत्रीही. वारा नसताना पडदा हलला की माणूस जसं बघतं ना, तसे बघत होते. शिपायानं दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं, मागोमाग मी. दार लोटता लोटता आमदारांचा आवाज आला, "मंत्रिमहोदय त्या गावाची प्रत्यक्ष पाहणी करवतील काय?" आणि मंत्र्यांचा, "होय."

बाहेर आल्यावर आमदारांनी समजावलं, "सभागृहात मंत्री होय म्हणाले की ते आश्वासन झालं. ते पाळलं की नाही हे बघायलाही समिती असते. तुम्ही मला पत्र टाकून विचारत राहा."

परतीच्या गाडीत आत्याबाई म्हणाल्या, "डोक्याले कावळा शिवला का आपन मेल्याचा खोटा सांगावा धाडतो का नाही? सोयरे रडून घेतात, अन् मानूस जगते. सरकारनं आपला सांगावा धाडला. आता गाव जगते."

मी दर बाजाराला रोहिणखेडहून पत्र टाकत राहिले. शेवटी निरोप आला, पाहणीला सरकारी साहेब येणार. त्या दिवशी सगळे सकाळपासून वाट पाहत बसले. उन्हं कलली तरी कोणी नाही. आत्याबाई म्हणाल्या, "दिवे लावा. गेलेल्याच्या घरातही लावा. एकही घर अंधारं दिसू देऊ नका."

तिन्हीसांजेला टेकाडावर जीप दिसली. थांबली. पुढं काही येईना. तिच्या दिव्यांचा झोत आमच्याकडे, पण पारापर्यंत न पोचणारा, आणि जीप हळूहळू मागं सरू लागली. मी वळून गावाकडे पाहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. अर्ध्या घरांना छप्पर नाही, दार नाही, नुसत्या भिंती, आणि प्रत्येक भिंतीआड एक दिवा जळतोय. माणसं मात्र दिसत नव्हती, सगळी पारापाशी अंधारात उभी. त्या मुलखात जे बोललं जात होतं, तेच आम्ही हातांनी मांडून ठेवलं होतं.

आत्याबाईंनी लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि टेकाड चढू लागल्या, सरळ त्या झोतात. मी मागं. ड्रायव्हर डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होता.

"डोये उघड, बापा! पाय पाह्य आमचे. सरळ हायेत का उलटे?"

साहेबांनी बॅटरी लावली. खरंच पाहिलं हो त्यांनी, माझ्या पायांवरही उजेड धरला. भेगा, धूळ, जोडव्यांचे वळ. मग बॅटरी विझवून म्हणाले, "आजी, तुमच्या घरी पाणी मिळेल का?" पाणी पिऊन ते घरोघर फिरले. ज्या घरात माणूस नव्हतं तिथला दिवा स्वतः फुंकून विझवत गेले.

त्या उन्हाळ्यात नदीचं तोंड बुजवलं नाही. दिवाळीनंतर विहिरीला पाणी लागलं. हंगाम उरकून आम्ही बैलगाड्या भरल्या. निघताना आत्याबाई मला म्हणाल्या, "त्या मंत्र्याले पत्र टाक. म्हनाव, आता कोनी नाही."

मी तसं लिहिलं. सदर गाव आज रिकामे झाले आहे.

पुढल्या पावसाळ्यात पाणी चढलं. आता इतकी वर्षं झाली, आत्याबाईही गेल्या, तरी बाजारात कोणी ना कोणी विचारतंच, त्या पाण्यावर दिवे दिसतात म्हणे? मी म्हणते, आम्ही सगळे इथं आलोय, तिथं कोण लावणार? पण खरं सांगते, दिवेलागणीला अंगणात बसले की मी पाण्याकडे पाठ करून बसते.