तात्यांसमोर चिनी कविता

मंडळी, आज भोरच्या आमच्या वाचनगटात मी एका जुन्या चिनी कवितेचा मराठी अनुवाद वाचणार होते. गटातले तात्या माजी सैनिक, चीनच्या सीमेवर राहिलेले. ते चिडतील, अशी धास्ती होती.

कविता सीमेवरच्या शिपायाची. घरचं पत्र येत नाही, म्हणून तो रोज वाटेकडं बघत बसतो.

वाचून झाल्यावर मी तात्यांकडं पाहिलं.

"परत वाचा, ताई," तात्या म्हणाले. "आमाला बी महिना-महिना पत्र यायचं न्हाई. त्यो बी कुणाचा तरी लेकच की."

माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांदा मी सावकाश वाचली.

परक्या मुलखातल्या कवितेत तुम्हाला कधी आपलं माणूस भेटलंय का?