भाईंदरचा भाजलेला पावटा

भोरहून पहाटेच्या एसटीने निघाले तेव्हा माझ्या पिशवीत एक रिकामा डबा होता आणि मनात राग अजिबात नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावातले काही जण आता म्हणतायत की ही भांडायलाच गेली होती. मी पावटा आणायला गेले होते.

पावट्याची हकिकत अशी. शेंगेच्या कडेला जांभळी रेघ असलेला हा पावटा आमच्या आळीत फक्त सोनाबाईंच्या परड्यात व्हायचा. सोनाबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी सगळं बी माझ्या हवाली केलं. मी पोस्टातून निवृत्त झालेली, हाताशी वेळ आणि घरामागे थोडी जागा. गेल्या वर्षी भाईंदरला भाचीकडे गेले असताना तिथल्या बागप्रेमींच्या बियाणे देवघेवीला मी तो पावटा घेऊन गेले, आणि मिलिंदराव नावाच्या गृहस्थांना बराचसा देऊन आले. ते गच्चीवर भाजी लावतात, कार्यक्रमाचे मुख्यही तेच. "काकू, पुढच्या वर्षी दुप्पट परत करतो," म्हणाले होते. घरी राहिलेली मूठ मी पेरली, तर फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसात ती शेंगांसकट कुजली. म्हणजे आता हा पावटा कुठे असलाच तर भाईंदरला.

पुण्याला बस बदलून काशिमिऱ्याला उतरेपर्यंत दुपार कलली होती. ऑक्टोबरचं ऊन, मेट्रोचे खांब आणि हॉर्न. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्या रिक्षावाल्याने मान डोलावली. "भाईंदर वेस्ट? उधर से खाली आना पडता है, मौसी," असं कुरकुरत त्याने नेलं. भाची वैशाली दादरहून लग्न होऊन इथे आली, तिला बारा वर्षं झाली. तिच्या स्वयंपाकघरातून मिठागरं दिसतात. पावसाळ्याचं पाणी अजून त्यांत साचलेलं होतं आणि त्यावर बगळे उभे होते. तिने थालीपीठ वाढलं आणि माझा डबा बघून हसली. "मावशी, एवढा मोठा?"

"दुप्पट मिळणार आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून पूर्वेला गेले. खारी गावाला लागून उभ्या राहिलेल्या एका मोठ्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. फाटकावर फलक, आत फोटो काढायला फुलांची चौकट, टेबलांवर काचेच्या बरण्या. मिलिंदरावांच्या टेबलावर तागाच्या चिमुकल्या पिशव्या रांगेने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर छापलं होतं, 'जांभळा पावटा, अस्सल देशी'. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सोनाबाईंना फोटो काढून न्यावा.

"किती निघाला?" मी विचारलं.

"काय किती, काकू?"

"पीक हो. लावलात ना?"

"नाही ना! यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं. पण तुमचं बी एकदम सेफ ठेवलंय. एक किडा लागू दिला नाही."

एक पिशवी सोडून मी दाणे हातावर घेतले. आमचा दाणा सायीच्या रंगाचा असतो. हा तांबूस झाला होता. नाकाशी नेला तर फुटाण्याच्या भट्टीसारखा वास आला.

"किडा लागू नये म्हणून काय केलंत?"

"ओव्हनमध्ये ठेवलं. दहा मिनिटं, लो टेम्परेचरला. मॉइश्चर सगळं निघून जातं. व्हिडिओत बघितलं होतं."

तेवढ्यात शेजारून एक काळाभोर, सुरकुतलेला हात आला आणि माझ्या तळव्यावरचा एक दाणा उचलून गेला. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली आगरी बाई होती, सत्तरीची असेल. मघाशी दारातच मी तिला बघितलं होतं. तिने मोबाइलवरून नाव नोंदवलं नव्हतं म्हणून तिला तिचं गाठोडं घेऊन बाहेरच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. शेवटी कंटाळून ती आपणच आत आली होती. तिने दाणा दाढेखाली धरला. कट्ट आवाज झाला.

"भाजलेला हाय यो," ती म्हणाली. "रुजाचा न्हाय."

"अहो मावशी, तसं नसतं..." मिलिंदराव हसत म्हणाले.

ते हसले, आणि माझा तोल गेला. मी पिशव्यांची अख्खी रांग दोन्ही हातांनी माझ्याकडे ओढली आणि मोठ्याने सांगायला लागले, "हे बी मेलेलं आहे! ज्यांनी नेलं असेल त्यांनी घरी उसळ करा, मातीत घालू नका!" पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढलेला आवाज आहे माझा, हॉलभर पोचला. एक मुलगी म्हणाली, "आंटी, मैंने तो पाँच पैकेट ले लिये." आयोजकांपैकी एक बाई धावत आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काकू, इथे जरा पॉझिटिव्ह एनर्जी ठेवू या ना?"

"तिला मोड येतात का?" मी विचारलं.

मग मला पाणी दिलं गेलं, पंख्याखाली बसवलं गेलं, आणि हळूहळू दाराकडे नेलं गेलं. मिलिंदराव एव्हाना कुणाला तरी शोभेची कुंडी समजावून सांगत होते.

"चल माझ्या घरी," बाहेर ती आगरी बाई म्हणाली. तिचं नाव हिराबाई. "इथं उन्हात कशाला रडतेस?"

खारीत तिचं घर पाच मिनिटांवर होतं. चहूबाजूंनी इमारती आणि मधे दोन खोल्या. पूर्वी घरापासून थेट खाडीकडे भातखाचरं होती म्हणाली. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकायचे. तिने तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांचं कालवण) वाढलं. भूक नव्हती तरी दोन भाकऱ्या खाल्ल्या. वालाचं बी ती राखेत घोळून तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवते.

"गॅस आला, मग राख कुठून आणता?" मी विचारलं.

"इस्त्रीवाल्याकडून. कोळसा तोच जाळतंय आता."

जेवता जेवता मी तिला पावट्याची सगळी हकिकत सांगितली, आणि सांगताना मला माझीच लाज वाटली. गेल्या वर्षी मिलिंदरावांनी माझ्या हातात माइक दिला होता, चार लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले होते. त्या भरात मी ओंजळीमागून ओंजळ दिली. ते कुठे लावणार, कोण पाणी घालणार, एका शब्दाने विचारलं नाही.

"माझं बी गेलंय," हिराबाई म्हणाली आणि मला मागच्या अंगाला घेऊन गेली.

तिचं घर आणि त्या सोसायटीची भिंत यांच्यामध्ये नाला आहे, आणि नाल्याकाठी दोन हात रुंदीची पट्टी. तेवढंच तिचं शेत. तिथून भिंतीवर तिने घोसाळ्याचे वेल चढवले होते आणि त्यावर बियाण्यासाठी सहा फळं राखून ठेवली होती. आता बुंधे उरले होते, वीतभर, सरळ कापलेले. भिंत पांढरी स्वच्छ होती.

"परवा कापलं. कार्यक्रम हाय म्हणून भिंत साफ केली. मना ईचारलं पन न्हाय."

"कुठला कार्यक्रम?"

तिने भिंतीपलीकडे हनुवटी उडवली. पलीकडून माइकवर कुणीतरी देशी वाणांबद्दल बोलत होतं, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मी तशीच परत गेले. माझ्यामागे हिराबाई. या वेळी मला ओरडावं लागलं नाही. मिलिंदरावांचा दंड धरला आणि म्हटलं, "चला, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." चेहरा बघूनच बहुधा, ते आले. कापलेले बुंधे बघून त्यांनी आधी "हे सोसायटी कमिटीने केलं असेल, मला खरंच माहीत नव्हतं," म्हटलं. मग हिराबाईने सहा फळांचं सांगितलं. तेव्हा मात्र ते वाकून एकेक बुंधा बघायला लागले.

"कापलेलं सगळं कुठे टाकतात?" मी विचारलं.

"खताच्या खड्ड्यात. पार्किंगच्या मागे."

वॉचमन "अंदर मना है" म्हणत राहिला आणि आम्ही तिघे आत शिरलो. खड्डा कंबरभर होता. वर पाहुण्यांच्या नाश्त्याच्या उष्ट्या द्रोणांचा थर, खाली नारळाची सालं, त्याखाली वेल. हिराबाई काठावर बसून सांगत होती, मी तिथेच पडलेल्या फांदीने उपसत होते. मिलिंदराव थोडा वेळ उभे राहिले, मग स्वतःच खड्ड्यात उतरले. त्यांचा खादीचा झब्बा कोपरापर्यंत चटणीने माखला. चार फळं सापडली. दोन कोवळीच सडली होती, एक फुटलं होतं. एक वाळत आलेलं होतं, हलवलं की आत खुळखुळायचं.

हिराबाईने ते कानाशी धरलं आणि पदरात बांधलं.

"काकू, पावट्याचं मी काय करू सांगा," मिलिंदराव खड्ड्यातूनच म्हणाले.

"काही करू शकत नाही तुम्ही," मी म्हटलं. "ज्यांना पिशव्या दिल्यात त्यांना एकेकाला फोन करा. आणि या बाईंच्या वेलांना पुन्हा कुणी हात लावला तर कमिटीशी तुम्ही भांडायचं."

ते हो म्हणाले. फोन त्यांनी केले, असं वैशालीकडून नंतर कळलं. भिंतीचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही.

निघताना हिराबाईने माझ्या डब्यात राखेत घोळलेले वाल भरले. मी नको म्हणत होते. "मी तुम्हाला द्यायला काहीच आणलेलं नाही," म्हटलं. ती म्हणाली, "पुढल्या साली आण."

घरी आल्यावर एक वेडेपणा केला. मिलिंदरावांच्या टेबलावरून ओढलेल्या पिशव्यांपैकी तीन माझ्या हातात राहिल्या होत्या. त्यातले सगळे दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. आठ दिवस फडकं ओलं ठेवलं. एकालाही मोड आला नाही, नुसता वास सुटला.

मग सोनाबाईंकडे जाऊन खरं काय ते सांगितलं, माइकसकट. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला दिला होता तो. तुला तेवढंही जपता आलं नाही?" आणि भिंतीला धरून आत निघून गेल्या. पुढे पंधरा दिवस त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाणवठ्यावर, देवळात, कुठेच नाही.

या प्रवासात मी लोकांवर खूप चिडले, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी चिडणं बरोबरच होतं असं मला अजून वाटतं. पण मिलिंदरावांना अक्कल नव्हती, आणि मला होती. सोनाबाईंनी तोंड फिरवलं तेव्हा हा हिशेब मला नीट समजला.

सोळाव्या दिवशी सकाळी परड्यात काठीचा आवाज आला. सोनाबाई खुरपं घेऊन उभ्या होत्या.

"कुठं लावणारेस तो खारीचा वाल?"

मी जागा दाखवली. त्यांना पसंत पडली नाही. कुंपणाकडे, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे काठी रोवून म्हणाल्या, "इथं. आणि माझा राग गेला असं समजू नकोस."

"माझाही गेलेला नाही," मी म्हटलं आणि खणायला बसले.