हमालांच्या पानावरचा परीक्षक

"दोन उन्हं दाखव याला, मंग आन."

मामांच्या तोंडून हे वाक्य निघेपर्यंत शेतकरी पोत्याशी असा उभा राहायचा, जणू त्याच्या पोराचा दहावीचा निकाल लागतोय. मामा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, तळाचे चार दाणे काढायचे, त्यातला एक दाढेखाली धरायचे आणि डावा डोळा मिटायचे. कट् आवाज आला तर भात सुकं. दाणा नुसता दबला, तर दोन उन्हं. त्यावर अपील नाही.

धसईला आमची भातगिरणी आहे. आमची म्हणजे शेठची, मी तिथला कारकून. बी. ए., इतिहास, तिसरा वर्ग, तोही दुसऱ्या फेरीत. नोकरी देताना शेठनी माझं प्रमाणपत्र उजेडाकडे धरलं, शिक्का खरा आहे एवढं बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून या." भातातलं मला काय कळतं हे त्यांनी विचारलं नाही. देवच पावला म्हणायचा. मला अजूनही ओलं-सुकं कळत नाही. घरी बायको तांदूळ आणायला मला पाठवत नाही, यावरून काय ते समजा.

तर गिरणीतली व्यवस्था अशी होती. मामा दाणा चावून मोठ्याने सांगायचे, मी चिठ्ठीवर लिहायचो आणि खाली 'तपासणारा' या शब्दापुढे माझी सही ठोकायचो. रजिस्टरात मामा 'हमाल' होते. आठ वर्षं त्यांनी गिरणीत आलेलं एकूण एक पोतं तपासलं आणि मग तेच पोतं पाठीवर घेऊन आत नेलं. न्यायाधीशही तेच आणि पट्टेवालाही तेच.

मामांचं शिक्षण बारावी. पुढे मुरबाडच्या कॉलेजात नाव घातलं होतं, पण त्यांच्या पाड्याकडची एसटी मुरबाडला टेकायची तेव्हा दुसरा तास सुटत असायचा. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. "मी नापास नाय झालो रे," मामा मला बजावायचे, "एसटी नापास झाली."

मग एके साली शेठ व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा मेळाव्याला जाऊन आले आणि 'गुणवत्ता' हा शब्द घेऊन आले. चार दिवसांत भिंतीवर कागद लागला. भात परीक्षक पाहिजे. कोणत्याही शाखेचा पदवीधर. टेबल, खुर्ची, पंखा, आणि चिठ्ठीवर सहीचा अधिकार. मामांनी तो कागद पाठीवरचं पोतं न उतरवता वाचला.

"कोनत्याही शाखेचा म्हंजी?"

"म्हणजे कसलाही. इतिहास, मराठी, कॉमर्स."

"नि ज्याला भाताचं कलतं तो?"

"ती शाखा नाही, मामा."

त्यांना खुर्चीचा मोह होता असं समजू नका. पन्नाशी जवळ आली होती. पाठीतली एक शीर सकाळी उठूच द्यायची नाही. "पाठ अजून दोन-तीन वरसं वढंल," ते म्हणाले, "मंग मला कोन ठेवील? तपासनारा म्हनून नाव लागलं तर म्हातारपनी पन काम मिलंल." आणि पुढे, "पोरगी इचारत होती, बाबा, तू गिरनीत काय करतोस? मी म्हनलो, भात तपासतो. तिनं चिठ्ठी वाचली, तर तिच्यावर तुझं नाव."

मी हसलो होतो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

अर्ज मीच लिहून दिला. मुलाखतीसाठी शेठनी मोबाइलमधून प्रश्न उतरवून घेतले होते.

"तुमची कमकुवत बाजू कोणती?"

"पाठ," मामा म्हणाले.

"दबावाखाली काम करू शकाल का?"

"आता काय करतो?"

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

मामांनी खिडकीतून गोदामाकडे बघितलं. "ते तुमीच ठरवनार ना, शेठ."

शेठ खूश झाले, खो खो हसले, मामांना चहा पाजला. आणि कल्याणचा एक बी. कॉम. नेमला.

हा नवा साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्याबरोबर ओलावा मोजायचं यंत्र आलं, तेही चांगलं होतं. फक्त यंत्रात घालायचे दाणे साहेब पोत्याच्या तोंडाशी घ्यायचा. आता आमचे शेतकरी काही साधुसंत नाहीत. खाली ओलं, वर सुकं भरायची कला इकडे बापाकडून लेकाकडे येते. पंधरा दिवसांत गोदामातली थप्पी आतून तापली आणि आंबूस वास सुटला.

"साहेब," मामा त्याला हळूच म्हणाले, "ओलं पोतं पाठीला गार लागतं. तुमी उचलत नाय, तुमाला कसं कलनार?"

साहेब हुशार निघाला. त्या दिवसापासून मामा पोतं घेऊन त्याच्या टेबलाजवळून जाताना खोकायला लागले. एक खोकला म्हणजे सुकं, दोन म्हणजे ओलं. साहेब यंत्राकडे बघत आकडा लिहायचा. थप्पी तापायची थांबली. शेठ येईल त्या पाहुण्याला टेबलापाशी आणून सांगायचे, "बघा, याला म्हणतात पदवीचा फरक!" पाठीमागून मामा खोकत जायचे. एका पाहुण्याने तर त्यांना काढा घ्यायला सांगितलं.

असं दोन हंगाम चाललं. मग एक दिवस मामा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. शहापूरच्या बाजूला नवी गिरणी निघाली होती आणि तिथे अनुभवाचा दाखला मागत होते. "एक वळ घाल," ते म्हणाले, "भात तपासतो म्हनून. खरं हाय तेच."

मी घातली. शेठनी लाल पेनाने ती ओळ उडवली. "रजिस्टरात काय आहे? हमाल ना? मग तेच लिहायचं."

मी तेच लिहिलं. भांडता आलं असतं. निदान तोंड उघडता आलं असतं. आठ वर्षं ज्यांच्या दातांवर मी सह्या ठोकल्या, त्यांच्यासाठी एक ओळ मला शेठकडून सोडवून घेता आली नाही. मामांनी दाखला वाचला, चार घड्या करून खिशात घातला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं." टाइप केलेला कागद होता हो तो.

दुसऱ्या दिवसापासून मामा आले नाहीत.

पुढचं मला आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं. त्या नव्या गिरणीची मालकीण म्हणजे साठीची एक बाई. तिने दाखला वाचून विचारलं, "हमाल आहात?" मामा म्हणाले, "कागदावर." बाईने कागद बाजूला ठेवला आणि त्यांना तीन पोत्यांपुढे नेलं. मामांनी तिन्हींचे तळ चावले. "दोन सुकी. तिसऱ्यात नवं भात वर नि मागल्या सालचं खाली. कोनाकडनं घेतलं, बाई? फसवलं तुमाला." बाईने कपाळाला हात लावला म्हणे, आणि मामांना तिथेच कामावर ठेवून घेतलं.

इकडे आमचं यंत्र होतं, साहेब होता, पंखाही फिरत होता. खोकणारं कोणी उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर शेठनी ट्रकभर भात त्याच शहापूरकडच्या गिरणीला विकलं. सकाळी गेलेला ट्रक दुपारी भरलेलाच परत आला. ड्रायव्हरने खाली उतरून माझ्या हातात चिठ्ठी दिली. 'तळाशी ओलं. तापलेलं. परत.' खाली 'तपासणारा', आणि त्यापुढे सही. सही कसली, पूर्ण नाव होतं, स्वतःचं, बापाचं, आडनाव. एकेक अक्षर सुटं, ठळक, चौकटीत न मावलेलं. मी ते दोनदा वाचलं.

शेठनी चिठ्ठी हिसकावली. "कोण हा टिकोजीराव? आपला माल परत करतो? शिक्षण काय याचं? नाव वाच!"

मी नाव वाचलं, अगदी पूर्ण.

"कोण?" शेठ म्हणाले.

"दहा वर्षं आपल्याकडेच होते."

शेठनी रजिस्टर ओढलं आणि ऑफिसच्या माणसांच्या पानावर वरून खाली बोट फिरवत ते नाव शोधायला लागले. एकदा झालं, दोनदा झालं.

"मागे जा, शेठ," मी म्हणालो. "हमालांत बघा."