पायाळूचा पाय

मी पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आलेली. अंबरनाथच्या आमच्या चाळीत कुणाची कंबर धरली, कुणाचं मनगट लचकलं, की मला खेळातून उठवून न्यायचे. पायाळूचा पाय लागला की लचक उतरते म्हणे. मी टाच टेकवायची, माणूस उठून चालू लागायचा, आणि आई शेजारणींकडे असं बघायची, जणू हा गुण तिनेच मला शिकवला होता. मला मात्र ते मुळीच आवडायचं नाही. कण्हणाऱ्या माणसावर पाय देणं ही काय गंमत आहे?

एकदा आईच विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरली. दोघी-तिघींनी धरून घरी आणली तेव्हा घोटा टम्म सुजला होता आणि पाऊल भलतीकडेच वळलं होतं.

"वैद्य कशाला शोधताय? औषध घरातच आहे की!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी भिंतीला चिकटले. आईला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायचा, हे तिनेच शिकवलेलं. आता तिच्याच दुखण्यावर पाय द्यायचा? "मला नको," मी रडू लागले. आईने पाय पुढे केला. "ये गं. तुझ्याच पायाने उतरेल."

डोळे मिटून टाच टेकवली. आत काहीतरी कर्रकन सरकलं. आई ओरडली नाही. तिने पदर दातांत धरला आणि म्हणाली, "अजून एकदा." मी पळत सुटले ती थेट शिवमंदिरापर्यंत. आता आईचा पाय कापणार आणि तो माझ्यामुळे, एवढंच डोक्यात होतं.

वडिलांनी मला शोधून आणलं आणि टांग्यातून आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी घोटा चाचपला. "हड्डी टूटी है. इस पर किसी ने पाँव रखा था?"

मी वडिलांच्या मागे लपले.

"नाय डॉक्टर," आई म्हणाली. "गिरी तब्बीच हुआ."

पुढे प्लास्टर निघालं, आई चालूही लागली. पण तिच्याशेजारी झोपताना मी पाय पोटाशी घट्ट धरून ठेवायची. ती ते बघायची.

मग एका सकाळी काकूंची कंबर धरली. त्या भिंतीला धरत आमच्या दारात आल्या. "पोरीला पाठव गं."

"अहो काकू, ती कसली पायाळू!" आई म्हणाली. "डोक्याकडूनच आली. मीच आपली फुशारकी मारत होते."

चाळीत आईचं नाव थापाडी पडलं. काकूंनी कित्येक महिने अबोला धरला. मला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

माझ्या बाळंतपणात मी तिला विचारलं, "आई, खरं काय गं?"

"पायांकडूनच आलीस," ती म्हणाली. "मरता मरता वाचले मी."