तुला शिकवलं कुणी?

'शिकवणे' हा शब्द शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो तेव्हा फार सोज्वळ दिसतो. गावात तो तसा नसतो. सहकारी संस्थांच्या सभासद बायकांना शिकवायची नोकरी मी धरली तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यात तो शब्द माझ्या कानावर आला तो असा: 'मला अक्कल शिकवू नको.' 'थांब, तुला चांगला धडा शिकवतो.' 'सुनेला माहेरच्यांनी शिकवून पाठवलंय.' चांगल्या गोष्टीला मात्र तिथे शिकवणं म्हणत नसत. भाकरी थापायची ती दाखवायची. पोरांना वळण लावायचं. धार काढायला कुणी शिकत नाही, तिथे हात बसतो. आणि सगळ्यांत वाईट शब्द म्हणजे पढवणं. बीडला आमच्या गल्लीतली मुसलमान मंडळी 'पोरगी पढते' असं कौतुकानं सांगायची. या गावात पढवायचे ते पोपटाला, नाहीतर कोर्टातल्या साक्षीदाराला.

नेकनूरच्या पुढे एका फाट्यावर एसटी मला उतरवून जायची. तिथून गाव चालत. दुष्काळाचं वर्ष होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. वर्ग दूध संस्थेच्या खोलीत दुपारी भरायचा, कारण दूध इतकं कमी झालं होतं की खोली दिवसभर रिकामीच असायची. चेअरमननी पहिल्याच दिवशी चहा पाजून मला समजावलं, "बाई, वाचाया शिकवा, सही शिकवा. बोलाया त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलंय." मी हसले. हसायला नको होतं, पण चहा त्यांचा होता.

संस्थेनं बाहेरून कडब्याच्या गाड्या आणल्या होत्या. कडबा कुणाला, तर जिचं दूध संस्थेला येतं तिला. ऐकायला रास्त वाटतं. पण चाऱ्यावाचून निम्म्या म्हशी आटल्या होत्या. म्हणजे दूध नाही म्हणून चारा नाही, आणि चारा नाही म्हणून दूध नाही. वर्गात पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका बाईची म्हैस आटलेली होती, पण गाभण होती. घरात तेवढाच एक जीव कमावणारा. नवरा नव्हता, सासरा अंथरुणाला. "दोन महिनं काढले तर व्यायल," ती म्हणायची, "पर दोन महिनं काय घालू?" तिच्या घरी मी एकदा ती म्हैस पाहिली. बरगड्या मोजता याव्यात अशी झाली होती आणि छपराचा वाळका पाला ओढून खात होती. त्या दिवशी वर्गात अक्षरं गिरवायची बाजूला ठेवली.

वार्षिक सभा तोंडावर होती. तिथली रीत अशी, की सचिव वाचत जाणार आणि सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणत जाणार. मी बायकांना म्हटलं, सभासद आहात, विचारा. प्रश्न आम्ही मिळून जुळवला. मग सराव. मी उलट्या कॅनवर चेअरमन होऊन बसायची आणि एकेकीनं उभं राहून म्हणायचं, "चेअरमनसाहेब, मी या संस्थेची सभासद आहे. आटलेल्या म्हशीला चारा दिला नाही, तर ती पुन्हा दूध देईल कशी? याचं उत्तर मिळावं." घोकंपट्टीचा मला मनापासून तिटकारा. कॉलेजात तिच्यावर तावातावानं बोललेली मी. आणि इथे चक्क संथा देत होते. एक मोठ्यानं म्हणायची तेव्हा बाकीच्या ओठातल्या ओठात म्हणायच्या.

सभा मारुतीच्या देवळापुढे भरली. पुढे पुरुष, मागे बायका, त्यांच्याही मागे भिंतीला टेकून मी. चेअरमन समोर खुर्चीवर. तीन-चार विषय मंजूर झाले आणि ती गाभण म्हैसवाली उठली. हात जोडले, आणि गर्रकन मागे वळून, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "चेअरमनसाहेब, मी या संस्थेची सभासद आहे."

सरावात चेअरमन मी होते. तिचं काहीच चुकलं नव्हतं. सगळी सभा माझ्याकडे वळली.  मी हातानं 'तिकडे, तिकडे' अशी खूण करत होते, पण तिनं प्रश्न शेवटपर्यंत मलाच विचारला. पुरुषांत कुणीतरी फिसकन हसलं.

चेअरमन हसले नाहीत. "शिकवलं कुणी तुला हे?" त्यांनी शांतपणे विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे पाहिलं. "पोपट चांगला पढवलाय, बाई."

नोकरी गेली, हे मला तिथेच कळलं. त्याहून जास्त भीती वाटली ती तिच्यासाठी. आता ती खाली बसेल, आणि ती म्हैस मरेल, आणि गाव म्हणेल की बीडच्या बाईच्या नादी लागून गेली. पण ती बसली नाही. आता चेअरमनकडे वळून म्हणाली, "शिकवलं कुनी का असंना, साहेब. म्हैस तर माझीच हाय."

 चेअरमन सचिवाला म्हणाले, "हिच्या म्हशीला उद्यापून कडबा द्या." आणि तिला, "झालं? बस खाली."

"बरं," ती म्हणाली आणि बसली.

मला तिचा असा संताप आला की काय सांगू. प्रश्न सगळ्यांचा होता. एकीचं भागवलं की बाकीच्यांचं तोंड बंद होतं, हे चेअरमनना पाठ होतं, आणि ही मुकाट बसली. दोन आठवडे घसा फोडला तो यासाठी का? मनातल्या मनात मी तिला नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात तिच्या शेजारची उठली. हात जोडून, माझ्याकडे तोंड करून, "चेअरमनसाहेब, मी या संस्थेची सभासद आहे..." अथपासून इतिपर्यंत. तिलाही कडबा कबूल झाला. तीही 'बरं' म्हणून बसली. मग तिसरी. हे मी शिकवलं नव्हतं. आता पुरुषांत कुणी हसत नव्हतं, एकदोघे आपापल्या बायकांकडे टकमका बघत होते. शेवटी चेअरमननी कपाळाचा घाम पुसला आणि सचिवाला म्हणाले, "जेवढ्या आटल्यात तेवढ्या सगळ्यांना द्या. पुढचा इषय घ्या."

माझा श्वास कुठे मोकळा होतोय, तोच कडेला बसलेली एक पोक्त बाई उठली. वर्गात ती कधी बोलायची नाही. प्रश्न मात्र तिनं सगळ्यांत स्वच्छ म्हटला, कुठेही न अडखळता.

"आता द्या म्हनलं ना सगळ्यांना," चेअरमन वैतागून म्हणाले.

सचिव त्यांच्या कानाशी वाकला, पण ऐकू सगळ्यांनाच गेलं. "हिनं म्हैस इकली, साहेब. गेल्या बाजारी, नेकनूरला. खाटकानं नेली."

"मग कशापायी उठलीस?"

ती तशीच उभी होती, हात जोडलेले, तोंड माझ्याकडे.

"पाठ झालतं," ती म्हणाली, "म्हून म्हनलं."